दुसरी खुर्ची: बड फॉस्टरचे ३३ हंगाम

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये शिरायला दोनच दारं आहेत. एक खेळाडूंचं, दुसरं हेड कोचचं. असिस्टंट कोच म्हणून कोणी उभा जन्म घालवला, देशातला सर्वांत चिवट बचाव उभा केला, ढिगाने पोरं एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, धाडली, तरी नियमांत त्याच्यासाठी रकानाच नाही. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे जुने हेड कोच फ्रँक ब्रॉइल्स यांच्या नावाने वर्षातल्या सर्वोत्तम असिस्टंटला पुरस्कार द्यायला सुरुवात झाली. या जमातीच्या वाट्याला आलेला मोठा मान म्हणायचा तर तो हा.

हे प्रकरण अशाच एका माणसाचं आहे: बड फॉस्टर, व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, ब्लॅक्सबर्ग. १९८७ ते २०१९ असे ३३ हंगाम तो तिथे असिस्टंट होता. त्यांतले शेवटचे २५ डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे संघाच्या बचावाचा कर्ताधर्ता म्हणून. हेड कोच तो एकदाही झाला नाही. या धंद्यात असिस्टंटचं बिऱ्हाड पाठीवर असतं. हेड कोचला नारळ मिळाला की त्याच्यासोबत आठ-दहा घरं उठतात, आणि ज्याचं नाव होतं तो स्वतःच मोठ्या खुर्चीकडे निघतो. फॉस्टरचं नाव झालं, आणि तरीही तो उठला नाही.

का, याचं उत्तर अमेरिकेत ‘निष्ठा’ म्हणून एका दमात देऊन टाकतात. ते खोटं नाही, पण त्याने काहीच उलगडत नाही. माझ्या मते फॉस्टर थांबू शकला, कारण त्याच्या वरच्या माणसाने खुर्ची सोडून बाकी सगळं त्याच्या हवाली केलं होतं. कागदावर कुठेही नसलेली ही व्यवस्था होती. वरचा माणूस गेला तेव्हा तीही गेली, आणि फॉस्टर मात्र मागे राहिला. त्याच्या शेवटच्या चार वर्षांकडे बघायचं ते या अंगाने.

खेळाबद्दल चार ओळी

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन फुटबॉलमध्ये ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. सरकले तर पुन्हा चार. आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असतात, त्यांचे कोच वेगळे, त्यांच्या बैठका वेगळ्या. हेड कोचच्या हाताखाली एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे बरीच वर्षं नऊ पूर्णवेळ असिस्टंट चालत. २०१८ मध्ये त्यांचे दहा झाले. यातले दोन कोऑर्डिनेटर, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा, हे जवळपास आपापल्या अर्ध्या संघाचे राजेच. प्रत्येक डावपेचाआधी कोणी कुठे उभं राहायचं हे तेच सांगतात. टीव्हीवर मात्र मुलाखत हेड कोचची, करार वाढतो तो हेड कोचचा, आणि पुतळा उभा राहिला तर तोही त्याचाच.

मरेहून ब्लॅक्सबर्गला

फॉस्टरचा जन्म १९५९ चा, केंटकीतल्या सॉमरसेटचा. वाढला इलिनॉयमधल्या नोकोमिस या छोट्या गावात. कॉलेजला तो केंटकीतल्या मरे स्टेटमध्ये आला आणि तिथे बचावात खेळला. १९७९ मध्ये तिथे बचावाचा कोच म्हणून फ्रँक बीमर आला. व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला, स्वतः व्हर्जिनिया टेकमध्ये कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला अडवणारा बचावपटू) म्हणून खेळलेला हा माणूस १९८१ मध्ये मरे स्टेटचा हेड कोच झाला. त्याच वर्षी नुकतंच खेळणं संपलेला फॉस्टर त्याच्याकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागला. ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे तुटपुंज्या पैशांत फिल्म कापणं, सरावाची शंकूंची रांग लावणं आणि वरिष्ठांनी सांगितलेलं निमूट करणं. सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

१९८७ ला बीमरला त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाने बोलावलं. सोबत फॉस्टर गेला, लाईनबॅकरांचा, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभ्या राहणाऱ्यांचा, कोच म्हणून. तिथे गेल्यावर काय मिळालं? आधीच्या काळातल्या नियमभंगांमुळे एनसीएएची शिक्षा, कापलेल्या शिष्यवृत्त्या, आणि पहिल्याच हंगामात दोन विजय, नऊ पराभव. १९८७ ते १९९२ या सहा हंगामांचा बीमरचा हिशोब २४ विजय, ४० पराभव, २ बरोबरी असा आहे. आजच्या बाजारात एवढ्यावर कोणी तिसरं वर्षही पाहिलं नसतं.

१९९२ चा हंगाम २-८-१ असा संपला. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर डेव्ह ब्रेन याने बीमरला ठेवलं, पण कोचमंडळीत फेरबदल झाले. काही जुने गेले, बचावाची सूत्रं फिल एल्मासियनकडे आली. फॉस्टर टिकला. हे प्रकरण जिथे सहज वेगळं वळण घेऊ शकलं असतं ती जागा ही. त्या हिवाळ्यात तो गेला असता तर कुणी पुन्हा नाव काढलं नसतं. सहा वर्षं हरणाऱ्या संघाचा एक लाईनबॅकर कोच, एवढीच त्याची नोंद. १९९३ ला संघ ९-३ झाला आणि पुढे २७ वर्षं एकही हंगाम बोलच्या सामन्याशिवाय गेला नाही. (बोल म्हणजे हंगामाअखेरचे निमंत्रणाचे सामने.) दोन वर्षांनी एल्मासियन गेला आणि १९९५ ला बचाव दोघांच्या हाती आला: फॉस्टर आणि रॉड शार्पलेस. पुढच्या वर्षी शार्पलेसही गेला, आणि फॉस्टर एकटा उरला.

डबा

१९९५ ची सुरुवात वाईट झाली. पहिले दोन सामने गेले. दुसरा तर घरच्या मैदानावर सिनसिनाटीकडून १६-०. मग मायामीला १३-७ ने हरवलं. व्हर्जिनिया टेकने मायामीला हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर संघ थांबलाच नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाविरुद्धच्या (हे व्हर्जिनिया टेकहून वेगळं) सामन्याचा शेवट तर आजही तिथले लोक हसत सांगतात: टेकचा अँटोनियो बँक्स त्यांचा पास पळवून सीमारेषेजवळून सुसाट निघाला तेव्हा समोरच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या त्यांच्याच ट्रेनरने त्याला पाडायला पाय पुढे केला. पाय चुकला, बँक्स पोचला, सामना ३६-२९. वर्षाच्या शेवटच्या दिवशी शुगर बोलमध्ये टेक्ससला २८-१० ने हरवून टेकने मोठ्या घरात पाऊल टाकलं.

याच हंगामात पोचे पडलेला, पत्र्याचा एक जुना डबा आला. खाणीत किंवा कारखान्यात जाणारा कामगार दुपारचं जेवण न्यायचा तसला. शार्पलेसच्या ओळखीतून तो आला आणि दोघांनी तो बचावाचं चिन्ह केला. आत त्या हंगामाची उद्दिष्टं लिहिलेला कागद. ज्याने मेहनत केली त्याच्या हाती डबा. गिरणगावात सकाळच्या भोंग्याला डबा घेऊन निघणारा माणूस डोळ्यांसमोर आणला तर त्यातला भाव समजायला अडचण पडू नये. ब्लॅक्सबर्गच्या पश्चिमेला व्हर्जिनियाचा कोळसापट्टा आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना तो कुणी समजावून सांगावा लागला नाही. पुढे त्याचे टी-शर्ट निघाले, पोस्टरं निघाली, टीव्हीवाल्यांना तर आयताच शॉट मिळाला. असल्या गोष्टींचा लवकरच देखावा होतो आणि याचाही थोडाफार झालाच. पण २००७ च्या हंगामात त्याच डब्यात ३२ नावं ठेवलेली होती. त्या वर्षी १६ एप्रिलला विद्यापीठात झालेल्या गोळीबारात गेलेल्यांची. त्यांत तमिळनाडूतून आलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईची एक विद्यार्थिनीही. त्या हंगामात डब्याला कोणी देखावा म्हटलं नाही.

व्हिप आणि रोव्हर

फॉस्टरचा बचाव समजून घेतल्याशिवाय त्याचं थांबणं समजत नाही, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

त्याची मूळ रचना आठ जण पुढे उभे करण्याची. अगदी पुढच्या रांगेत चार लाईनमन, त्यांच्या मागे-बाजूला लाईनबॅकर, आणि दोन दुभाषी जागा: ‘व्हिप’ आणि ‘रोव्हर’. व्हिप म्हणजे लाईनबॅकर आणि बॅकफिल्डमधल्या (मागच्या फळीतल्या) खेळाडूच्या मधला कोणीतरी. रोव्हर म्हणजे सेफ्टी (सर्वांत मागचा राखणदार), पण धावणाऱ्याला आडवं पाडण्यासाठी खाली उतरलेला. आठ जण पुढे म्हटल्यावर प्रतिस्पर्ध्याची धाव कोंडते. मग त्याला पास टाकावा लागतो, आणि त्याच वेळी पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर माणसं सुटतात. याची किंमत कोणी भरायची? कॉर्नरबॅकने. त्याला मागे मदतीला कोणी नाही. समोरच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) एकट्याने सांभाळायचं. म्हणून या पद्धतीत कॉर्नर चांगला मिळाला नाही तर सगळं कोसळतं, आणि मिळाला तर तो थेट एनएफएलमध्ये जातो. डीअँजेलो हॉल, ब्रँडन फ्लॉवर्स, काइल आणि केंडल फुलर ही यादी त्यातूनच झाली. फुलरांच्या घरचे तर चार भाऊ टेकमध्ये खेळले.

अशा बचावाला एक गोष्ट लागते: वेळ. सतरा-अठरा वर्षांचं पोर आलं की ते कुठल्या जागेसाठी बनलंय हे दोन वर्षं बघायचं. कॅम चॅन्सेलर शाळेत क्वार्टरबॅक होता. टेकमध्ये तो बचावात आला, आणि पुढे सिअ‍ॅटलच्या गाजलेल्या एनएफएल बचावफळीचा कणा झाला. कोरी मूर डिफेन्सिव्ह एंडच्या, म्हणजे पुढच्या रांगेच्या टोकाच्या, जागेसाठी सगळ्या मोजमापांनी लहान होता. १९९९ ला त्याने लोम्बार्डी आणि नागुर्स्की असे दोन्ही पुरस्कार नेले. दरवर्षी कोऑर्डिनेटर बदलणाऱ्या विद्यापीठात हे होत नाही. नवा माणूस येतो, त्याला त्याच्या मापाची पोरं हवी असतात, जुनी वाया जातात. बीमरने फॉस्टरला दिलेली खरी देणगी ही होती: बचावात त्याने हात घातला नाही, आणि वेळ कमी पडू दिला नाही. बीमरचा स्वतःचा जीव किक आणि पंटच्या (लाथेने चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडण्याच्या) डावांत अडकलेला होता. ‘बीमरबॉल’ म्हणतात ते हेच. त्यामुळे दोघांच्या रेघा एकमेकांत घुसल्या नाहीत.

आकडे बघायचे तर १९९९ च्या बचावाने सरासरी १०.५ गुण दिले, देशात सर्वांत कमी. २००५ आणि २००६ अशी लागोपाठ दोन वर्षं एकूण यार्ड देण्यात हा बचाव देशात पहिला. २००६ ला सामन्यामागे २१९.५ यार्ड आणि ११ गुण. त्या वर्षीचा ब्रॉइल्स पुरस्कार फॉस्टरला मिळाला.

एक रात्र मात्र राहिली. ४ जानेवारी २०००, न्यू ऑर्लीन्स, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. अपराजित टेक विरुद्ध अपराजित फ्लोरिडा स्टेट. फ्लोरिडा स्टेट २८-७ ने पुढे गेली. मग टेकचा क्वार्टरबॅक मायकेल विक याने संघ ओढून आणला आणि तिसरं सत्र संपताना टेक २९-२८ ने पुढे. शेवटच्या सत्रात फ्लोरिडा स्टेटने १८ गुण केले. ४६-२९. देशातल्या सर्वांत कंजूस बचावाने त्याच सामन्यात सगळं उधळलं, आणि बीमरबॉलची टिमकी वाजवणाऱ्या संघाचा एक पंट अडवून फ्लोरिडा स्टेटने टचडाउनही (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्टीत नेणं) केला होता. विजेतेपदाच्या इतक्या जवळ टेक पुन्हा गेली नाही.

समोरच्या बाकावरचा माणूस

त्या रात्री समोरच्या बाजूला फ्लोरिडा स्टेटचा बचाव सांभाळत होता मिकी अँड्र्यूज. १९८४ पासून हेड कोच बॉबी बाउडनच्या हाताखाली. ब्रॉइल्स पुरस्काराचा पहिला मानकरी, १९९६ चा. दोघांची कुंडली बरीच जुळते, पण एक फरक मोठा आहे. अँड्र्यूज आधी हेड कोच होऊन आला होता. अलाबामातल्या लिव्हिंग्स्टन स्टेटला त्याने १९७१ मध्ये एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेचं विजेतेपद मिळवून दिलं, नंतर नॉर्थ अलाबामातही हेड कोच राहिला. म्हणजे दुसऱ्या खुर्चीत तो पहिली चाखून बसला होता. आणि उठला तोही बाउडनबरोबरच: १ जानेवारी २०१० ला गेटर बोल जिंकून दोघेही एकाच दिवशी मैदानाबाहेर.

फॉस्टरने पहिली खुर्ची चाखली नाही. हेड कोचच्या जागा निघाल्या की त्याचं नाव दरवर्षी चर्चेत यायचं. विद्यापीठानेही हातपाय हलवले. पगार वाढवला आणि ठरावीक वर्षं थांबलास तर मिळेल अशी रक्कमही करारात घातली. निष्ठेची गोष्ट सांगणारे हा भाग गाळतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ज्याच्या कामाची किंमत आहे त्याला थांबायचे पैसे मिळायलाच हवेत. फक्त मग हा सौदाही होता असं म्हणायला संकोच नको.

या सौद्यात एक उमेद बोलून न दाखवता होतीच असं मला वाटतं: बीमर थकेल, आणि मग बघू. बीमर १९४६ चा. तो थकला २०१५ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी. तोवर फॉस्टर छप्पन्नचा झाला होता, आणि कॉलेजांना हेड कोच म्हणून आक्रमणाचे जाणकार, चाळिशीच्या आतबाहेरचे लोक हवे होते.

कोलंबसची रात्र, आणि नंतरचा आठवडा

त्याआधी २०१४ चं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण त्यात या माणसाचं सगळं कसब एका सामन्यात दिसतं. ६ सप्टेंबर, कोलंबस, ओहायो स्टेटचं मैदान. ओहायो स्टेटचा नेहमीचा क्वार्टरबॅक हंगामाआधीच जखमी झालेला, जे. टी. बॅरेट हे नवं पोर आपला दुसराच सामना खेळत होतं, त्याच्यासमोरची आक्रमणाची लाईनही बरीचशी नवी. फॉस्टरने ‘बेअर’ फ्रंट काढला. यात बचावाची माणसं सेंटर आणि दोन्ही गार्डच्या (आक्रमणाच्या लाईनमधल्या मधल्या तिघांच्या) थेट तोंडावर उभी राहतात, त्यामुळे मधून धावायला फट उरत नाही आणि लाईनमनना एकमेकांना मदत करता येत नाही. मागे सगळे मॅन-टू-मॅन, बऱ्याचदा शेवटचा राखणदार सेफ्टीही नाही. अर्थ सरळ होता: टाक बाळा लांब पास, बघू जमतो का.

जमला नाही. बॅरेटचे २९ पैकी ९ पास लागले, तीन पळवले गेले, टेकने क्वार्टरबॅकला सात वेळा मागेच आडवा केला. शेवटचा पळवलेला पास डोनोव्हन रायलीने ६३ यार्ड नेऊन टचडाउन केला. ३५-२१. ओहायो स्टेट त्या हंगामात दुसरा एकही सामना हरली नाही आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेती झाली. म्हणजे त्या वर्षी विजेत्यांना हरवण्याचा कागद फक्त एका माणसाकडे होता.

आणि पुढच्याच शनिवारी, घरच्या मैदानावर, ईस्ट कॅरोलिनाने टेकला २८-२१ ने हरवलं. नोव्हेंबरात वेक फॉरेस्टविरुद्ध निर्धारित वेळ संपली तेव्हा फलक ०-० दाखवत होता आणि बीमर दोन्ही हात वर करून आनंद साजरा करत होता. तो फोटो अजून फिरतो. तो सामना टेक दुसऱ्या जादा डावात ६-३ ने हरली. बचावाने चार सत्रांत शून्य दिलं, आक्रमणाने शून्य केलं. बीमरच्या शेवटच्या काही वर्षांचं चित्र साधारण असंच होतं. दुसऱ्या खुर्चीचा हा तोटा मला सर्वांत बोचरा वाटतो: निम्म्या संघावर तुझा संपूर्ण अधिकार, आणि उरलेल्या निम्म्यावर बोलायची सोय नाही.

बीमर गेल्यावर

१ नोव्हेंबर २०१५ ला बीमरने निवृत्ती जाहीर केली. महिनाअखेर मेम्फिसहून जस्टिन फ्युएंटेला आणलं गेलं. तो आक्रमणाचा माणूस. त्याने फॉस्टरला ठेवलं, आणि टेकच्या चाहत्यांनी निःश्वास सोडला. वरवर बघता हा सगळ्यांच्याच फायद्याचा निर्णय होता. बीमरचा शेवटचा सामना, टल्साविरुद्धचा इंडिपेंडन्स बोल, टेकने ५५-५२ ने जिंकला. फॉस्टरच्या बचावाने ५२ गुण देऊन बीमरला निरोप द्यावा, हा विनोद कोणी ठरवून केला असता तर पटला नसता.

पहिलं वर्ष छान गेलं. २०१६ ला दहा विजय, एसीसी या टेकच्या गटाच्या अंतिम सामन्यात क्लेमसनकडून ४२-३५ अशी हार; तीच क्लेमसन पुढे राष्ट्रीय विजेती. २०१७ चा बचावही उत्तम होता. २०१८ च्या एनएफएल ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत ट्रेमेन आणि टेरेल हे एडमंड्स बंधू दोघेही उचलले गेले. एकाच वर्षी पहिल्या फेरीत दोन सख्खे भाऊ जाण्याची ती पहिलीच वेळ.

मग २०१८ आलं. २२ सप्टेंबरला तेराव्या क्रमांकाची टेक ओल्ड डोमिनियनकडे गेली. तो संघ त्या हंगामात तीनपैकी तीन हरलेला. ओल्ड डोमिनियनने ६३२ यार्ड आणि ४९ गुण केले. जॉर्जिया टेक ब्लॅक्सबर्गला येऊन जवळपास पास न टाकता ४६५ यार्ड धावून गेली. पिट्सबर्ग ४९२ यार्ड धावली, ५२-२२. हंगामात सरासरी ३१ गुण. ६-७, म्हणजे १९९२ नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. सलग बोलची साखळीही कशीबशी वाचली: व्हर्जिनियाला जादा वेळेत ३४-३१, आणि वादळात रद्द झालेल्या एका सामन्याच्या बदली घाईने ठरवलेल्या सामन्यात मार्शलला ४१-२०.

का कोसळलं? लोकांनी दोन बाजू घेतल्या. एक म्हणे, खेळ पुढे गेला आणि फॉस्टर मागे राहिला. स्प्रेड आक्रमणाने रिसीव्हर मैदानभर पसरवले की व्हिपला आठ जणांच्या गर्दीतून बाहेर उघड्यावर जावं लागतं, आणि तिथे लाईनबॅकरच्या चणीचा माणूस मार खातो. यात तथ्य आहे, पण हे २०१८ चं दुखणं नव्हे. फॉस्टरने ते आधीच ओळखून व्हिपच्या जागी पाचवा बॅक खेळवायला सुरुवात केली होती; काइल फुलरही त्या जागी खेळून गेला. शिवाय पिट्सबर्ग आणि जॉर्जिया टेक धावून जिंकले, पास टाकून नव्हे. जी गोष्ट या बचावाने वीस वर्षं रोखली तीच त्याला रोखता आली नाही.

दुसरी बाजू माणसं नव्हती म्हणणाऱ्यांची. मला ही जास्त पटते. एडमंड्स बंधू गेले, इतर अनुभवी खेळाडू गेले, आणि ज्यांच्यावर भिस्त होती त्यांतलेही काही संघाबाहेर झाले. मैदानावर कोवळी पोरं उरली. जुन्या व्यवस्थेत अशी पोरं दोन वर्षं मागे उभी राहून शिकत. मागची फळी रिकामी होऊ द्यायची नाही हे बीमरच्या काळातलं अलिखित काम होतं. पोरं आणायची कुठून, किती, कोणत्या जागेसाठी, हे शेवटी हेड कोचच ठरवतो. नवा हेड कोच जुन्या कोऑर्डिनेटरला ठेवतो तेव्हा माणूस मिळतो. त्याच्याभोवतीची वीस वर्षांची सवय मिळत नाही. फॉस्टरची जबाबदारी यात शून्य होती असं मी म्हणत नाही. पोरं कच्ची आहेत हे दिसत असताना बचाव सोपा करणं त्याच्या हातात होतं, आणि ४९२ यार्ड देणाऱ्या दुपारी ते झालेलं दिसत नाही.

शेवटचा हंगाम

१ ऑगस्ट २०१९ ला त्याने जाहीर केलं, हा हंगाम शेवटचा. सप्टेंबरअखेर ड्यूकने ब्लॅक्सबर्गला येऊन ४५-१० ने धुतलं, तेव्हा हे सगळं लाजिरवाणं संपणार अशीच चिन्हं होती. पण गेल्या वर्षी मार खाल्लेली तीच पोरं एका वर्षाने मोठी झाली होती. नोव्हेंबरात वेक फॉरेस्टला १७ वर रोखलं. जॉर्जिया टेकला ४५-०. (न्यायाने सांगायचं तर जॉर्जिया टेकचा कोच बदललेला होता आणि त्यांची ती जुनी धावण्याची पद्धतही.) मग २३ नोव्हेंबर, घरच्या लेन स्टेडियमवरचा फॉस्टरचा शेवटचा सामना, समोर पिट्सबर्ग. २८-०. वर्षापूर्वी ज्यांनी ४९२ यार्ड धावून दाखवले होते त्यांना एकही गुण नाही.

गोष्ट इथे संपवायचा मोह कोणालाही व्हावा. पण पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनियाने ३९-३० ने हरवून टेकची त्यांच्यावरच्या सलग १५ विजयांची मालिका मोडली. आणि ३१ डिसेंबरला, शार्लटमध्ये, बेल्क बोलला समोर आलं फॉस्टरचं जन्मराज्य, केंटकी. केंटकीचे क्वार्टरबॅक जखमी, म्हणून त्या जागी लिन बोडेन हा रिसीव्हर खेळत होता. तो पास फारसा टाकणार नाही, धावणार, हे स्टेडियममधल्या शेंगदाणेवाल्यालाही ठाऊक होतं. आठ जण पुढे उभे करायला याहून चांगली संधी ती कुठली? बोडेन २३३ यार्ड धावला. आणि टेक ३०-२४ ने पुढे असताना, १५ सेकंद उरलेले असताना, न टाकणाऱ्या त्या माणसाने टचडाउनचा पास टाकला. शेवटच्या झटापटीत आणखी एक टचडाउन होऊन फलक ३७-३० वर थांबला.

बचावाची जागा जस्टिन हॅमिल्टनकडे गेली, टेकचाच जुना खेळाडू. २०२० चा हंगाम ५-६ झाला आणि १९९३ पासूनची बोलची साखळी तुटली. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्युएंटे गेला. त्याच्या जागी विद्यापीठाने हेड कोच म्हणून आणला ब्रेंट प्राय: पेन स्टेटचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, आणि १९९५ ते १९९७ या काळात ब्लॅक्सबर्गमध्ये फॉस्टरच्या हाताखालचा ग्रॅज्युएट असिस्टंट. बचावाच्या माणसाला हेड कोच करायला विद्यापीठाची ना नव्हती, तर.